ना फॉलोअर, ना लाइक, तरीही जगभर मित्र: हॅम रेडिओ म्हणजे काय?

डिसेंबर २००४. भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्ट ब्लेअरमध्ये एक छोटं रेडिओ केंद्र उभारलं होतं. हेतू साधा होता: अंदमानातून जगभरच्या अनोळखी लोकांशी गप्पा मारायच्या. अंदमानातून कित्येक वर्षांत कुणी हॅम बोललं नव्हतं. त्यामुळे हा आवाज पकडण्यासाठी देशोदेशीचे हौशी लोक रेडिओला कान लावून बसले होते.

२६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली आणि पाठोपाठ त्सुनामी आली. वीज गेली, फोन बंद पडले. गप्पांसाठी नेलेली तीच यंत्रणा मग बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवू लागली. आपला माणूस जिवंत आहे का, हे कळण्यासाठी तडफडणाऱ्या कुटुंबांना त्यातून खबर मिळू लागली.

हौसेखातर जोडलेली ओळख संकटात अशी कामी येते. पण मुळात ही ओळख होते कशी?

हॅम रेडिओ म्हणजे नेमकं काय?

घरातल्या एफएम रेडिओवर आपण फक्त ऐकतो. हॅम रेडिओवर ऐकताही येतं आणि बोलताही येतं. पैसे कमावण्यासाठी नाही, तर केवळ हौस म्हणून. म्हणूनच त्याला 'अ‍ॅमेच्युअर रेडिओ' असंही म्हणतात.

यासाठी मोबाइल टॉवर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. लघुलहरी आकाशात जातात, वातावरणातल्या आयनांबर या थरावरून परत वळतात आणि हजारो किलोमीटर लांब उतरतात. परिस्थिती अनुकूल असेल, तर पाच वॅट शक्तीवर, म्हणजे एखाद्या छोट्या एलईडी बल्बला लागते तेवढ्या विजेवर, दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलता येतं. मात्र हे थोडंफार सूर्याच्या मर्जीवर असतं. सूर्यावरच्या हालचाली साधारण ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतात आणि लहरी किती लांब जाणार हेही त्यानुसार बदलतं.

भाषा येत नसेल तर?

सुरुवात होते 'सीक्यू, सीक्यू' या हाकेने. अर्थ सरळ आहे: कुणी ऐकतंय का? बोलायला या.

त्यानंतर सांगायचं ते आपलं 'कॉलसाइन'. परवान्यासोबत मिळणारी ही ओळख जगात एकाचीच असते. 'व्हीयू' ऐकलं की समोरच्याला कळतं, माणूस भारतातला आहे. 'जेए' म्हणजे जपान.

पुढचं काम सोपं करतात तारयंत्राच्या काळापासून चालत आलेले संकेत. 'क्यूटीएच' म्हणजे तुमचं ठिकाण. निरोप घेताना म्हणायचं '७३', म्हणजे 'शुभेच्छा'. त्यामुळे एकमेकांची भाषा न येणारे दोघेही मोर्स कोडवर छोटा संवाद सहज पूर्ण करतात.

गप्पा झाल्या की अनेक जण एकमेकांना 'क्यूएसएल कार्ड' पाठवतात. त्यावर कॉलसाइन, तारीख, वेळ आणि बरेचदा आपल्या गावाचं चित्र असतं. आता हे काम इंटरनेटवरही होतं, तरी परदेशातून टपालाने आलेलं कार्ड जपून ठेवणारे हॅम आजही आहेत.

वाद कमी, मैत्री जास्त. असं का?

याचं एक मोठं कारण नियमांमध्ये आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या नियमांनुसार, दोन देशांतल्या हॅमनी आपल्या छंदाशी संबंधित किंवा वैयक्तिक स्वरूपाचंच बोलायचं असतं. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही. व्यवसाय आणि जाहिरातींनाही इथे जागा नाही.

मग उरतं काय? तुमचं नाव, गाव, तिथलं हवामान, अँटेना कशी बांधली, घरी कोण कोण असतं. दोन अनोळखी माणसांची ओळख व्हायला एवढं पुरतं. शिवाय हे सगळं उघड्यावर चालतं. त्या लहरीवर असलेला कुणीही ऐकू शकतो, त्यामुळे जीभही जपून चालते.

शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून होते. त्या काळातही दोन्हीकडचे हॅम एकमेकांशी बोलत होते. सोव्हिएत हॅमना कार्ड पाठवायचा पत्ता जगभर पाठ होता: 'बॉक्स ८८, मॉस्को'.

राजा असो वा विद्यार्थी

जॉर्डनचे राजे हुसेन यांचं कॉलसाइन होतं 'जेवाय१'. सामान्य हॅमशीही ते रेडिओवर गप्पा मारत. राजीव गांधी 'व्हीयू२आरजी' होते, तर अमिताभ बच्चन यांचं कॉलसाइन आहे 'व्हीयू२एएमवाय'.

१९८३ मध्ये अमेरिकी अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनी 'कोलंबिया' यानातून हॅम रेडिओवर संवाद साधला. अंतराळातून असं बोलणारे ते पहिलेच. त्यांच्याशी बोललेल्यांमध्ये राजे हुसेनही होते. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनीही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून भारतातल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच गप्पा मारल्या.

भारतात हॅम कसं व्हायचं?

दुकानातून सेट आणला आणि बोलायला लागलं, असं चालत नाही. त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा पास होऊन परवाना घ्यावा लागतो. वयाची अट किमान १२ वर्षं. परीक्षेत मूलभूत इलेक्ट्रॉनिक्स आणि रेडिओचे नियम विचारतात. 'रिस्ट्रिक्टेड' आणि 'जनरल' अशा दोन श्रेणी असून, पहिल्या श्रेणीसाठी मोर्स कोड यावा लागत नाही. मुंबईसह अनेक शहरांत हॅम क्लब आहेत आणि नवख्यांना शिकवायला तिथली जुनीजाणती मंडळी तयार असतात.

व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला?

व्हॉट्सअ‍ॅपवर आपण बहुतेकदा ओळखीच्यांशीच बोलतो. सोशल मीडियावर काय दिसावं, हे अल्गोरिदम ठरवतो आणि तो आपल्याला आवडेल तेच पुढे ठेवतो. हॅम रेडिओवर 'सीक्यू' म्हटल्यावर कोण उत्तर देईल हे कुणालाच माहीत नसतं. तो ब्राझीलमधला शेतकरी असेल, नाहीतर जपानमधल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा धर्म, पक्ष किंवा फॉलोअरचा आकडा तुम्हाला दिसत नाही. आधी आवाज येतो आणि पाठोपाठ नाव.

हे कसं ऐकू येतं याची झलक हवी असेल, तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा 'वेबएसडीआर' ब्राउझरमध्ये उघडा. तिथला रेडिओ घरबसल्या ऐकता येतो. खरखर सुरू असते, मध्येच कुठल्या तरी देशातला माणूस हाक देतो: सीक्यू, सीक्यू. आणि थोड्या वेळाने दुसऱ्या देशातून त्याला ओ मिळते.