लिनक्स डेस्कटॉपवरील प्रोसेसरचा अतिवापर

संगणकावर विशेष काही चालू नसतानाही प्रोसेसर सतत कामात गुंतून राहणे, पंख्याचा आवाज वाढणे, खिडक्या उघडायला वेळ लागणे ही या दोषाची लक्षणे. व्हिडिओचे रूपांतर करताना किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत होताना वापर शंभर टक्क्यांवर गेला, तर तो दोष नव्हे. काम संपूनही आकडा उतरत नसेल, तर मात्र शोध घ्यावा.

शोधाची सुरुवात टर्मिनलमध्ये ‘टॉप’ ही आज्ञा देऊन करतात. उबुंटू, फेडोरा किंवा पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची डेबियनवर आधारलेली ‘बॉस’, कोणत्याही वितरणात ती चालते. यादीत सर्वांत वर दिसणारा प्रोग्राम लगेच बंद करण्याची घाई नडते. आधी वरच्या ओळी वाचाव्यात. ‘यूएस’ म्हणजे वापरकर्त्याच्या प्रोग्रामांत गेलेला वेळ, ‘एसवाय’ म्हणजे कर्नलमध्ये, अर्थात प्रणालीच्या गाभ्यात, गेलेला, आणि ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट पाहण्यात रिकामा गेलेला. लिनक्सच्या ‘लोड अॅव्हरेज’मध्ये डिस्कसाठी खोळंबलेली कामेही मोजली जातात, म्हणून हा आकडा मोठा आणि प्रोसेसर मात्र मोकळा, असे चित्र दिसू शकते. तिथे दोष डिस्कमध्ये शोधावा. रॅम मोकळी करणारा कर्नलचा ‘केस्वॅपडी’ यादीत सतत वर दिसत असेल, तर बहुधा रॅम अपुरी पडते आहे.

डेस्कटॉपवर नेहमी आढळणारी कारणे साधी असतात. ग्नोममधील ‘ट्रॅकर’ (नव्या आवृत्त्यांत ‘लोकलसर्च’) आणि केडीईमधील ‘बालू’ फाइलींची सूची बनवताना बराच वेळ घेतात. पहिली सूची पुरी होऊ द्यावी. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसेल, तर पडद्यावरचे सारे चित्र प्रोसेसरलाच रंगवावे लागते. उष्णतेकडे सहसा दुर्लक्ष होते. त्र्यंबकेश्वरसारख्या मुसळधार पावसाच्या गावात, दिवसभर उदबत्ती-धूप चालणाऱ्या दुकानात संगणक असेल, तर दमट हवेतली धूळ आणि राख पंख्याच्या मागच्या पट्ट्यांवर चिकटून बसते. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, आणि तेच काम जास्त टक्के खाऊ लागते. अशा वेळी आज्ञांपेक्षा ब्रश उपयोगी पडतो.

कधी चूक खुद्द कर्नलमध्ये असते. ३० जून २०१२ रोजी जागतिक वेळेत लीप सेकंद, म्हणजे एक जादा सेकंद, मिळवला गेला. भारतात तेव्हा १ जुलैच्या पहाटेचे साडेपाच होत होते. कर्नलमधील टायमरांना हा बदल कळला नाही आणि ते एक सेकंद पुढेच राहिले. सेकंदाहून कमी वेळ विसावणारे प्रोग्राम विसाव्याविनाच पुन्हा जागे होऊ लागले. जगभरातील अनेक यंत्रांत जावा, मायएसक्यूएल आणि फायरफॉक्स यांनी प्रोसेसर व्यापला. घड्याळाची तीच वेळ पुन्हा एकदा लावली, की यंत्र शांत होई.

चोरून आभासी चलन खणणारे प्रोग्राम हे गंभीर कारण. ‘केडेव्हटीएमपीएफएस’ या कर्नलच्या खऱ्या धाग्याच्या नावाला शेवटी ‘आय’ जोडून वावरणारा एक घुसखोर, मुख्यतः सर्व्हरवर, आढळला आहे. ‘पीएस’ या आज्ञेच्या यादीत कर्नलचे खरे धागे चौकटी कंसात दिसतात आणि त्यांच्यामागे डिस्कवर कोणतीही फाइल नसते, त्यावरून तोतया ओळखू येतो. तो नुसता बंद करून भागत नाही: ‘क्रॉन’च्या वेळापत्रकातली त्याची नोंद काढली नाही, तर तो पुन्हा सुरू होतो.