बुद्धिबळ सुधारायचे तर डाव किती खेळावेत आणि अभ्यास किती करावा?

मोबाइलवर रोज वीस-वीस डाव खेळूनही अनेकांचे रेटिंग वर्षभर जागचे हलत नाही. दुसरीकडे फक्त पुस्तके वाचणारा आणि व्हिडिओ पाहणारा पटावर बसला की घड्याळापुढे गडबडतो.

या प्रश्नावर संशोधनही झाले आहे. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील संशोधनात खेळाडूच्या ताकदीशी सर्वात घट्ट संबंध दिसला तो एकट्याने केलेल्या गंभीर अभ्यासाचा. ग्रँडमास्टर खेळाडूंनी पहिल्या दहा वर्षांत त्याला सुमारे ५००० तास दिले होते, म्हणजे मध्यम दर्जाच्या खेळाडूंच्या जवळपास पाचपट. मात्र २००७ मध्ये गोबे आणि कॅम्पिटेली यांना अर्जेंटिनाच्या खेळाडूंत इतरांसोबतचा सराव अधिक महत्त्वाचा आढळला. तिथे मास्टर व्हायला एकाला सुमारे ३००० तास पुरले, तर दुसऱ्याला २३,००० हून अधिक लागले! त्यामुळे 'निम्मे डाव, निम्मा अभ्यास' असे ठोकळेबाज सूत्र कुणी सांगितले तर ते फार मनावर घेऊ नये.

खरी अडचण वेगळीच असते. तीन मिनिटांचा ब्लिट्झ डाव हरला की लगेच पुढचा सुरू होतो आणि चूक तशीच राहते. म्हणून शिकण्यासाठी किमान १५ मिनिटांचे, प्रत्येक चालीला १० सेकंद वाढणारे डाव बरे. डाव संपल्यावर तो आधी स्वतः तपासावा, कुठे काय वाटले होते ते लिहावे आणि इंजिन त्यानंतरच लावावे. माजी विश्वविजेते मिखाइल बोत्विनिक स्वतःच्या डावांच्या विश्लेषणावर विशेष भर देत. डी. गुकेशलाही त्याचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्न यांनी सुरुवातीची बरीच वर्षे इंजिनपासून दूर ठेवले होते.

अभ्यासाचा विषय हरलेला डावच सुचवतो. समजा, हत्ती आणि एक प्यादे जास्त असूनही डाव बरोबरीत सुटला. मग त्या आठवड्यात लुसेना स्थिती शिकावी. प्यादे सातव्या रांगेत, त्याच्यापुढे आपलाच राजा अडकलेला. अशा वेळी हत्ती चौथ्या रांगेत आणून शहांपासून आडोसा करायचा, यालाच 'पूल बांधणे' म्हणतात. पुढच्या डावांत तशी स्थिती आली की शिकलेले लगेच वापरता येते.

स्पर्धा आठवड्यावर आली असेल तर नवीन ओपनिंग हाती घेऊ नये. रोज थोडी कोडी सोडवावीत आणि एखादा लांब डाव खेळावा.