चाळीस पौंडांचा हिशेब

यातली माणसं, ट्रेलर आणि अपघात कल्पित आहेत. रस्ता खरा आणि टायरवर कोरलेले आकडेही खरे. फिनिक्समधलं एक मराठी कुटुंब जुलैतल्या एका शनिवारी ग्रँड कॅन्यनला निघालंय. पिकअप ट्रकच्या मागे दोन अ‍ॅक्सलचा, चार चाकांचा ट्रॅव्हल ट्रेलर. त्याचं डाव्या बाजूचं पुढचं चाक दुपारी 12:31 ला फुटणार आहे.

गुरुवार, दुपारी 4:00. साडेचव्वेचाळीस तास आधी

टायरचं दुकान. जुन्या टायरांची नक्षी शाबूत आहे, पण साइडवॉलवर बारीक भेगा पडल्यात. डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. त्या हिशेबाने हे सात वर्षांचे. बदलायलाच हवेत, आणि बदलतोय हे उत्तमच. नवरा विचारतो ते एवढंच, "हेच माप आहे ना?" आहे. एसटी (म्हणजे खास ट्रेलरसाठीचा) 205/75आर14, लोड रेंज, म्हणजे भार पेलण्याची श्रेणी, सी.

"अरे, याच मापात डी पण आहेत," बायको तक्ता वाचत म्हणते.

"कंपनीने सी लावले होते ना? मग सीच घेऊ."

घोळ झाला तो इथे. बाकीचे चव्वेचाळीस तास नुसते फेडण्याचे. सी रेंजचा हा टायर 1,760 पौंड, म्हणजे जवळपास 800 किलो उचलतो, तेही 50 पीएसआय हवा असेल तरच. एका अ‍ॅक्सलवर असे दोन, म्हणजे 3,520 पौंड. अ‍ॅक्सलची स्वतःची मर्यादा 3,500. कारखान्यातून बाहेर पडतानाच सवड होती ती वीस पौंडांची! अशी जोडी अमेरिकेत वर्षानुवर्षं सर्रास विकली गेली. कागदावर ती चूक नव्हती. पण कंपनीने लावलेला टायर हा बऱ्याचदा किमान पात्रतेचा टायर असतो, आणि आपण त्यालाच शिफारस समजतो.

दुकानातला मुलगा कारच्या सवयीने 40 पीएसआय हवा भरतो. एवढ्यावर या टायरची ताकद दोनशे पौंडांहून जास्त घटते. कुणीच मोजत नाही.

शुक्रवार, रात्री 8:00. साडेसोळा तास आधी

सामान भरणं सुरू. माहितीपत्रकात ट्रेलरचं रिकामं वजन 5,900 पौंड छापलंय. त्यावर भर म्हणून बॅटरी, गॅसच्या टाक्या, खुर्च्या, चार सायकली, छोटा जनरेटर, कुकर, पोळपाट-लाटणं आणि पाच दिवसांचा शिधा. फ्रिज, ओटा आणि बाहेर सरकणारी बैठक, सगळं डाव्या अंगाला.

शनिवार, सकाळी 9:30. तीन तास आधी

पाण्याची टाकी भरली. चाळीस गॅलन, म्हणजे सव्वातीनशे पौंडांहून जास्त. ट्रेलर आता पाटीवरच्या कमाल मर्यादेला टेकलाय: 7,600. त्यातले 760 हिचवरून पिकअप पेलतो. उरले 6,840, भागिले चार: प्रत्येक चाकावर 1,710. म्हणजे बसलं की गणित! पण सरासरीवर टायर चालत नाहीत. डाव्या बाजूला 3,600 पौंड आहेत आणि उजवीकडे 3,240. डावीकडच्या प्रत्येक टायरवर 1,800. पूर्ण हवा असती तरी चाळीस पौंड जास्तच.

महामार्गालगतच्या अनेक ट्रक स्टॉपांवर वजनकाटा असतो. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवरचा एकूण भार तो काही मिनिटांत छापून देतो. डावं-उजवं कळत नाही, पण काठावर आलोय एवढं नक्की कळतं. त्यांना वाटेत काटा दिसतो. थांबत नाहीत.

सकाळी 11:10

इंटरस्टेट 17. बाहेर 42 अंश सेल्सिअस. पिकअपच्या पडद्यावर पिकअपच्या चारही टायरांचा दाब दिसतोय. दाब फार कमी झाला तर इशारा देणारी सोय नव्या गाड्यांना 2007 पासून सक्तीची आहे. ट्रेलरला नाही. ब्लॅक कॅन्यन सिटीनंतरचा चढ सावकाश पार पडतो.

दुपारी 12:00

सनसेट पॉइंटचा विसावा. नवरा गेज काढून डावं पुढचं चाक तपासतो: 48. "पन्नासला आलंच की," म्हणून निर्धास्त. हवा तापली की दाब वाढतो, म्हणून तो गाडी निघण्यापूर्वी, सावलीत, टायर थंड असताना बघायचा असतो. इथे गेजने टायरची तक्रार सांगितली आणि ती शाबासकी म्हणून ऐकली गेली. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, वाकतो, आतून तापतो. तापलेल्या रबराची पोलादी पट्ट्यांवरची पकड सुटत जाते.

12:22

पुन्हा रस्त्यावर. पठार, सरळ मार्ग, 75 मैलांची पाटी. वेगाचा काटा 70 वर. या जातीच्या अनेक टायरांचा भाराचा तक्ता मात्र ताशी 65 मैल गृहीत धरून केलेला.

12:31

कॉर्डेस जंक्शनच्या अलीकडे पुढचं डावं चाक फुटतं. सुटलेला पट्टा चाकावरचा पत्रा, वायरी, तळाची फळी फोडत जातो. डाव्या बाजूचा सगळा भार, 3,600 पौंड, आता 1,760 च्या एकट्या टायरवर. 11 जुलै 1991 ला जेद्दाहून उडालेलं डीसी-8 विमान पडलं, 261 माणसं गेली. तिथेही सुरुवात कमी हवेच्या टायरने आणि शेजारच्यावर आलेल्या त्याच्या भाराने झाली होती.

12:31 आणि काही सेकंद

अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो. गाडी सरळ ठेवायची, ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी कळ हाताने हळूहळू लावायची. नवरा ब्रेक दाबतो. दुसरा टायरही जातो. ट्रेलर आडवा फिरून दोन्ही लेनवर कलंडतो. माणसं बचावतात, ट्रेलर नाही. मागे वाहनांची रांग.

डी रेंजचा टायर त्याच मापात, 65 पीएसआयला, 2,040 पौंड उचलतो: डावीकडे प्रत्येक चाकावर 240 पौंडांची सवड. तो घेण्याआधी रिमच्या मागे कोरलेली भाराची आणि दाबाची मर्यादा वाचा, रबरी व्हॉल्व्ह तेवढा दाब सोसतो का ते विचारा, आणि स्टेपनीही त्याच रेंजची घ्या.