खतनाविरोधी चळवळ, भारतातील

दाऊदी बोहरा समाजात लहान मुलींवर केली जाणारी 'खतना' किंवा 'खफ्ज' ही प्रथा बंद व्हावी, यासाठी मुख्यतः त्याच समाजातील स्त्रियांनी उभारलेली चळवळ. बोहरा हा शिया इस्माइली पंथाच्या तय्यिबी शाखेतील व्यापारी समाज असून त्याची वस्ती गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश व राजस्थान या राज्यांत आणि परदेशांतही आहे. पंथाचे सर्वोच्च धर्मगुरू 'दाई-अल-मुत्लक' यांना 'सय्यदना' म्हणतात. त्यांचे मुख्यालय मुंबईत आहे.

प्रथेचे स्वरूप : मुलगी साधारण सात वर्षांची झाली की तिच्या योनिलिंगावरील त्वचेचा काही भाग कापला जातो. पूर्वी हे काम वस्तीतील एखादी वयस्क बाई ब्लेडने करीत असे. पुढे मोठ्या शहरांत काही डॉक्टरही ते करू लागले. मुलीला बहुधा फिरायला किंवा खाऊ घ्यायला जायचे म्हणून नेले जाते आणि झाल्या प्रकाराची वाच्यता करू नकोस, असे बजावले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या चार प्रकारांच्या वर्गीकरणात ही प्रथा पहिल्या प्रकारात बसते. अशा छेदनाचा आरोग्याला कोणताही लाभ नाही, वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मानसिक आघात आणि पुढे लैंगिक जीवनातील अडचणी मात्र संभवतात, असे ही संघटना सांगते. कुराणात या प्रथेचा उल्लेख नाही. समर्थक दहाव्या शतकातील फातिमी न्यायशास्त्रज्ञ काझी नुमान यांच्या 'दाइम अल-इस्लाम' या ग्रंथाचा आधार देतात.

मौनाची पार्श्वभूमी : ही प्रथा आईकडून मुलीकडे चालत आली. घरातील पुरुषांना अनेकदा तिचा पत्ताही नसे. उघड बोलण्यात वाळीत पडण्याची भीती होती. बोहरा समाजात धर्मगुरूंशी निष्ठेची शपथ घेतली जाते. ती मोडणाऱ्यावर 'बरात' म्हणजे बहिष्कार येऊ शकतो आणि नातीगोती, व्यवसाय, दफनभूमी या सगळ्यांशी असलेला संबंध तुटतो. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला होता. सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द ठरविला. असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांच्यासारख्या सुधारकांनी पुढे धर्मगुरूंच्या अधिकाराविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला.

आरंभ : रेहाना घडियाली यांचा या विषयावरील लेख १९९१ मध्ये 'मानुषी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतातील या प्रथेवरील सुरुवातीच्या लेखनात त्याची गणना होते. त्यानंतर बराच काळ शांतता होती. २०११ मध्ये 'तस्लीम' या नावाने एका स्त्रीने सय्यदनांना उद्देशून ऑनलाइन याचिका काढली. तिने आपली खरी ओळख उघड केली नाही. २०१२ मध्ये प्रिया गोस्वामी यांनी 'अ पिंच ऑफ स्किन' हा माहितीपट केला. त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. २०१५ च्या अखेरीस मासूमा रानाळवी यांच्या पुढाकाराने बोहरा स्त्रियांच्या एका गटाने स्वतःच्या नावानिशी याचिका प्रसिद्ध केली. टोपणनावाकडून खऱ्या नावाकडे झालेला हा प्रवास चळवळीतील महत्त्वाचा टप्पा ठरला. या गटातून 'वी स्पीक आउट' ही संघटना उभी राहिली.

कार्यपद्धती : २०१५ मध्येच आरेफा जोहरी, मारिया ताहेर, प्रिया गोस्वामी, इन्सिया दरीवाला व शाहिदा किर्तने यांनी 'सहियो' ही संस्था स्थापन केली. बोहरांच्या गुजराती बोलीत 'सहियो' म्हणजे मैत्रिणी. संस्थेचा भर कायद्याइतकाच संवादावर आहे. बोहरा कुटुंबे एका मोठ्या थाळाभोवती बसून एकत्र जेवतात. तीच रीत धरून संस्थेने 'थाल पे चर्चा' हा उपक्रम चालविला. त्यात जेवताजेवता स्त्रिया आपले अनुभव सांगतात. संस्थेच्या ऑनलाइन पाहणीत ३८५ स्त्रियांनी भाग घेतला. त्यांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रियांवर खतना झाली होती आणि ८१ टक्के स्त्रियांना ती पुढे चालू नको होती. पाहणीत स्त्रिया आपणहून सहभागी झाल्यामुळे हे आकडे साऱ्या समाजाला लागू करता येत नाहीत. 'वी स्पीक आउट'ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागींच्या सात वर्षे व त्याहून मोठ्या मुलींपैकी ७५ टक्के मुलींवर ही क्रिया झाल्याचे आढळले.

परदेशांतील खटले : ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये एका आईला, एका निवृत्त परिचारिकेला व एका स्थानिक धर्मप्रमुखाला दोषी ठरविण्यात आले. २०१८ मध्ये अपिलात ते सुटले. मात्र ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने किरकोळ छेदही कायद्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय दिला. पहिल्या निकालानंतर अनेक देशांतील बोहरा जमातींनी २०१६ मध्ये पत्रके काढून स्थानिक कायदा पाळण्यास सांगितले. भारतात स्वतंत्र कायदा नसल्याने येथे तशी पत्रके निघाली नाहीत. त्याच वर्षी सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांनी निवेदनाद्वारे खतना हा धार्मिक शुद्धीचा विधी असल्याची भूमिका मांडली.

न्यायालयीन लढा : दिल्लीच्या वकील सुनीता तिवारी यांनी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बंदीसाठी जनहित याचिका दाखल केली. त्या वर्षी मे महिन्यात तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी कायदा करण्याचे सूतोवाच केले. डिसेंबरमध्ये मात्र त्यांच्याच मंत्रालयाने या प्रथेच्या अस्तित्वाला दुजोरा देणारी अधिकृत आकडेवारी वा अभ्यास नाही, असे न्यायालयाला सांगितले. चळवळीने स्वतः पाहण्या हाती घेण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते. २०१८ मध्ये महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी हे कृत्य भारतीय दंड संहिता व पॉक्सो कायद्याखाली गुन्हाच असल्याची भूमिका घेतली.

याचिकेला बोहरा स्त्रियांच्याच एका संघटनेने विरोध केला. खफ्ज हा निरुपद्रवी विधी आहे, त्याला विच्छेदन म्हणणे चूक आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार त्याला संरक्षण आहे, असे तिचे म्हणणे आहे. संमती देण्याचे वय नसलेल्या मुलीच्या शरीरावर परत न भरून येणारा छेद करण्याचा हक्क धर्मस्वातंत्र्यात येत नाही, असा विरोधी युक्तिवाद आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये हे प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमला मंदिरातील स्त्रियांच्या प्रवेशाविषयीच्या निकालाच्या पुनर्विलोकनाच्या आदेशात त्याची सांगड व्यापक पीठापुढील प्रश्नांशी घातली गेली. त्याआधीच महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये, १९६२ च्या बहिष्कारविषयक निकालाचा फेरविचारही याच व्यापक, म्हणजे नऊ न्यायमूर्तींच्या, पीठाकडे सोपविण्यात आला. अशा रीतीने मुलींवरील छेद आणि त्याबद्दल बोलणाऱ्यांवर येणारा बहिष्कार, हे दोन्ही प्रश्न एकाच पीठाच्या विचाराशी जोडले गेले.