सेझानच्या बैठका

युरोपात व्यक्तिचित्र हा दीर्घकाळ गिऱ्हाईकाच्या सोयीने चालणारा धंदा होता. समोर बसलेल्या माणसाला पाहून चित्रकार सलग जितका वेळ काम करतो त्या वेळेला बैठक म्हणतात. राजे, सरदार आणि व्यापारी यांचा वेळ मोलाचा असल्यामुळे चेहरा तेवढा प्रत्यक्ष बैठकांत उरकायचा आणि अंगरखा, हात, पडदे वगैरे भाग लाकडी पुतळ्याला कपडे चढवून किंवा सहाय्यकांकडून पुरे करून घ्यायचे, ही रीत अनेक मोठ्या चित्रशाळांत रूढ होती. एकोणिसाव्या शतकात हा वेळ आणखी आखडला. 1839 साली पॅरिसमध्ये दागेर याच्या छायाचित्रण-पद्धतीची घोषणा झाली आणि पुढच्या काही दशकांत मध्यमवर्गीय कुटुंबे चित्रकाराऐवजी छायाचित्रकाराच्या स्टुडिओकडे वळली. 1841 साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले, त्यामुळे तोवर डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवावे लागणारे तैलरंग सहज बाहेर नेता येऊ लागले आणि निसर्गचित्र जागेवरच पुरे करणे सोपे झाले. मोने आणि त्याच्या सोबत्यांनी, म्हणजे दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी, या सोयीचा पुरेपूर लाभ घेतला. ऊन सरकण्याआधी त्याचा ठसा पकडायचा तर हात चपळ हवा, हे त्यांच्या पद्धतीत गृहीतच होते.

ज्या जानेवारीत दागेरची घोषणा झाली त्याच महिन्यात दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी पॉल सेझानचा जन्म झाला. पुढे संथ कामासाठी प्रसिद्ध झालेला हा चित्रकार सुरुवातीला मात्र विलक्षण घाईने काम करीत असे, ही गोष्ट त्याच्याविषयी लिहिताना बहुधा मागे पडते. 1866च्या सुमारास त्याने आपले मामा दोमिनिक ओबेर यांची जी व्यक्तिचित्रे केली ती कुंचल्याऐवजी पॅलेट-नाइफने, म्हणजे रंग कालवण्याच्या पातळ सुरीने, जाड थर थापून केलेली आहेत. मामांचे रोज एक नवे चित्र तयार होते, असे त्या वेळी त्याच्या एका मित्राने पत्रात नोंदवले. तेव्हा संथपणा हा सेझानचा उपजत स्वभाव होता असे मानता येत नाही. तो त्याने वयाच्या तिशीनंतर कमावला, आणि त्यात कामीय पिसारो या वडीलधाऱ्या चित्रकाराचा वाटा मोठा आहे. 1872 ते 1874 या काळात पाँत्वाझ आणि ओव्हेर या पॅरिसजवळच्या गावांत सेझान त्याच्या सहवासात राहिला, त्याचे एक निसर्गचित्र समोर ठेवून त्याने त्याची नक्कल केली, आणि काळपट रंग सोडून समोर दिसणाऱ्या रंगाशी इमान राखायला शिकला.

त्यानंतर त्याची जी पद्धत घडली तिच्यात वेळ का लागतो, याचे कारण कामाच्या रीतीतच सापडते. सेझान आधी बाह्यरेषा काढून मग आत रंग भरीत नाही. लहान, बहुधा एकाच दिशेने जाणारे फटकारे शेजारी शेजारी ठेवून तो उष्ण आणि शीत रंगांच्या सान्निध्यातून आकाराची गोलाई आणि खोली उभी करतो. गालाचा उंचवटा दाखवायला तो सावलीचा काळा वापरत नाही, तर गुलाबीशेजारी हिरवट, त्याशेजारी निळसर अशी पायरी लावीत जातो. अशा चित्रात प्रत्येक फटकारा बाकी सर्व फटकाऱ्यांशी हिशेबाने बांधलेला असल्यामुळे एका कोपऱ्यातला रंग बदलला की दुसऱ्या कोपऱ्यातला खोटा पडतो, आणि म्हणून पुढचा फटकारा मारण्याआधी बराच वेळ नुसते पाहत राहावे लागते. ऊन बदलले की मोने दुसरा कॅनव्हास हाती घेई. सेझान मात्र अनेक दिवसांचे पाहणे एकाच कॅनव्हासवर साठवीत राही, आणि म्हणूनच त्याच्या निसर्गचित्रांत नेमका कोणता प्रहर आहे हे सांगणे पुष्कळदा अवघड जाते.

या पद्धतीचा सर्वांत तपशीलवार साक्षीदार आंब्रवाझ व्होलार हा पॅरिसमधील चित्रविक्रेता आहे. सेझानचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन त्यानेच 1895 साली भरवले, आणि 1899 साली तो स्वतः त्याच्यासमोर बसला. पुढे लिहिलेल्या आठवणींत तो 115 बैठका झाल्याचे सांगतो. व्होलारला आख्यायिका रंगवून सांगण्याची हौस होती हे लक्षात घेऊन हा आकडा थोडा सैल धरला तरी मूळ मुद्द्याला बाध येत नाही. डळमळीत टेकूंवर ठेवलेल्या पेटीवर खुर्ची मांडून त्याला बसवले होते. एकदा डुलकी लागून तो खुर्चीसकट खाली आला, तेव्हा सफरचंदासारखे निश्चल बसता येत नाही का, म्हणून चित्रकाराने त्यालाच झापले. चित्रातल्या हातावर दोन बारीक ठिपके रंगाविना राहिले होते. व्होलारने त्याकडे लक्ष वेधले असता सेझानने उत्तर दिले की तिथे अंदाजाने काही लावले, तर त्या जागेपासून सगळे चित्र पुन्हा करावे लागेल. एवढे होऊनही चित्र अपुरेच टाकून तो एक्सला परतला, आणि सदऱ्याचा पुढचा भाग बरा जमला आहे, इतकेच समाधान त्याने व्यक्त केले. त्याआधी 1895 साली ग्युस्ताव्ह जेफ्रवा या समीक्षकाचे चित्र त्याने जवळजवळ तीन महिने चालवून असेच सोडून दिले होते.

निसर्ग या बाबतीत अधिक सोशिक होता. एक्सच्या पूर्वेला 1011 मीटर उंचीचा सँत-व्हिक्त्वार डोंगर आहे. त्याची सेझानने केलेली तैलचित्रेच तीसहून अधिक आहेत आणि जलरंगातली निराळी. 1902 साली गावाबाहेर ले लोव्ह येथील चढावर त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधून घेतला, तेथून आणखी वर चालत गेले की हा डोंगर समोर येई. अखेरच्या महिन्यांत मुलाला लिहिलेल्या पत्रात, नदीकाठच्या एकाच जागी बसून नुसते थोडे उजवीकडे किंवा डावीकडे कलले तरी महिनोन्‌महिने पुरेल इतके विषय मिळतात, अशा अर्थाचा मजकूर आहे. फुलांना मात्र इतका धीर नसे. ती कोमेजत म्हणून तो कागदी फुले वापरी, आणि बैठका फार लांबल्या की त्यांचाही रंग उडे.

या कामाला ध्यान म्हणण्याचा प्रघात आहे, पण त्यामागे शांत चित्त कल्पिणे चुकीचे ठरेल. सेझान चिडका होता, कुत्र्याच्या भुंकण्याने त्याचे काम मोडे, आणि मनाजोगते न उतरलेले कॅनव्हास तो फाडून टाकी. एकाग्रता होती, प्रसन्नता क्वचितच. दुसरी गोष्ट पैशाची. त्याचे वडील टोप्यांच्या व्यापारातून सावकारीत गेले आणि पुढे पेढीचे मालक झाले. त्यांच्या नेमणुकीवर, आणि 1886 साली त्यांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या वारशावर, सेझान आयुष्यभर जगला. त्यामुळे त्याच्या सुमारे 160 व्यक्तिचित्रांत मागणीवरून केलेली जवळजवळ नाहीतच. पत्नी ओर्तांस (तिचीच सुमारे 29), मुलगा, वडिलांच्या मळ्यातले मजूर, शेवटी व्हालिए हा माळी, आणि आरशातला तो स्वतः, असे हे बसणारे आहेत. यांपैकी कोणीही चित्राची मुदत विचारणारे नव्हते. बापाच्या पेढीने ही सवड पुरवली नसती तर 115 बैठकांची पद्धत उभी राहिली असती असे वाटत नाही.

ऑक्टोबर 1906 मध्ये उघड्यावर काम करताना तो वादळी पावसात सापडला. दुसऱ्याच दिवशी व्हालिएच्या चित्रासाठी तो पुन्हा बाहेर पडला आणि आठवड्याभरात मरण पावला. 1907 साली पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात त्याची 56 चित्रे एकत्र मांडली गेली, आणि तरुण चित्रकारांनी त्यातून घनवादाकडे जाणारी वाट काढली. महाराष्ट्राशी या परंपरेचा धागा जुळतो तो सय्यद हैदर रझा यांच्यामुळे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आणि प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांपैकी असलेल्या रझांना 1948 साली काश्मीरमध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे छायाचित्रकार भेटले. त्यांनी रझांच्या चित्रांत बांधणी कमी असल्याचे सांगून सेझानचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. ज्या छायाचित्रणाने बैठकीचा वेळ आखडला त्याच कलेतल्या माणसाने हा सल्ला द्यावा, हा योगायोग लक्षणीय आहे. रझा 1950 साली फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि पुढची सहा दशके बहुतांशी फ्रान्समध्येच राहिले.