पाच घरांचा जोगवा

आमच्या देवघराच्या कोनाड्यात वेताची एक जुनी परडी आहे. तिचा काठ हळदीकुंकवाने कायमचा रंगून गेला आहे. आजी होती तोवर दर नवरात्रातल्या मंगळवारी ती ही परडी हातात घ्यायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि अनवाणी गल्लीत निघायची. पाच घरांपुढे उभी राहून ती आईच्या नावाने जोगवा मागे. आमच्या माळ्यावर तेव्हा ज्वारीची पोती असत. गल्लीतल्या निम्म्या घरांना अडीअडचणीला आमच्याकडूनच धान्य जाई. तरीही त्या दिवशी आजी त्याच घरांच्या उंबऱ्यापुढे पदर सावरून उभी राही. मिळालेले पसाभर धान्य दळून त्याची भाकरी होई आणि तिचाच नैवेद्य देवीला दाखवला जाई. वडील लहानपणी मोठ्या दुखण्यातून वाचले, तेव्हाचा तो नवस होता.

आमचे गाव गडहिंग्लज भागातले. दर मंगळवारी आमच्या दारात आणखी एक परडी येई. ती जोगतिणीची. कपाळभर भंडारा, डोक्यावर देवीचा जग आणि सोबत चौंडकं वाजवणारा जोगता. आजी तिला सुपातून धान्य घाली आणि वाकून परडीला नमस्कार करी. एकदा मी त्या बाईंना विचारले, “तुम्ही किती घरं मागता?” त्या हसून म्हणाल्या, “आक्कांचं पाच घरांत भागतंय बाळा. माझं कसं भागंल?”

देवीच्या उपासनेविषयी पुढे जे काही वाचले, त्यातून मी या एका वाक्याकडे पुन्हा पुन्हा परत आलो. या दोन्ही बायकांच्या हातात परडी होती, ओठांवर देवीचे नाव होते आणि दोघींच्या मागण्याला शब्दही एकच होता. तरी दोघींचा जोगवा एक होता का?

आजीचा जोगवा नवरात्राच्या मोठ्या विधीचा एक भाग होता. घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचे, मधोमध घट ठेवायचा, रोज वर एक माळ चढवायची आणि नऊ रात्री दिवा विझू द्यायचा नाही. कोणी नऊ दिवस उपवास करी, कोणी ‘उठता-बसता’, म्हणजे देवी बसते आणि उठते त्या दोनच दिवशी. उपवासात अन्न सोडायचे, जोगव्यात मान सोडायचा. देण्याची सवय असलेल्या हाताने एक दिवस घेणारा हात व्हायचे, हा त्यातला अर्थ. पण सोडलेले अन्न जसे पारण्याला परत मिळते, तसा सोडलेला मानही सहाव्या घरापाशी परत मिळत असे. या व्रताला शेवट होता.

जोगव्याला मराठी साहित्यात कायमची जागा दिली ती पैठणच्या एकनाथांनी. सोळाव्या शतकात त्यांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशा दारोदार फिरणाऱ्यांची सोंगे भारुडांत घेतली. त्यातच जोगवाही घेतला. त्यांच्या रचनेत महिषासुर म्हणजे मोह, नवरात्र म्हणजे नवविधा भक्ती आणि परडी भरायची ती बोधाने. बोलणारी व्यक्ती स्त्री आहे. ती दंभरूपी सासऱ्याला दूर सारते, विकल्परूपी नवऱ्याची संगत सोडते आणि निःसंग होते. शाक्त विधीची सगळी सामग्री ठेवून नाथांनी तिचा अर्थ पालटला, असे अभ्यासक म्हणतात ते खरेच आहे. मला मात्र त्या रचनेचा शेवट महत्त्वाचा वाटतो. तिथे जोगवा मागून झालेला आहे, महाद्वारी नवस फिटलेला आहे आणि जन्ममरणाचा फेरा चुकलेला आहे. म्हणजे संतांच्या जोगव्यालाही शेवट आहे. आजीचा जोगवा पाचव्या घरी संपे, नाथांचा मोक्षापाशी संपतो.

जोगतिणीचा संपत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा-रेणुकेला कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची असंख्य कुटुंबे मानतात. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला तिथे मोठी गर्दी होते. मुलीच्या केसांत जट आली की देवीने बोलावले असे मानून तिला सोडायचे, गळ्यात मणी बांधायचे. अशा मुली बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या. काही मुलग्यांनाही लुगडे नेसवून जोगता केले जाई. नाथांच्या भारुडातली नायिका रूपकातल्या नवऱ्याला सोडते. इथे खऱ्या मुलीचा खरा संसार होण्याआधीच काढून घेतला जाई. ‘निःसंग’ हा शब्द तिच्या वाट्याला आला तो शिवीसारखा. देवीच्या नावावर सोडलेल्या अनेकींचे पुढे गावातल्या धनिकांनी किंवा शहरातल्या वेश्यावस्तीने शोषण केले.

हे थांबवण्यासाठी 1920 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कायदा केला. 1934 साली मुंबई प्रांतात देवदासी संरक्षण कायदा आला. त्याने मुली सोडणे बेकायदा ठरवले आणि सोडलेल्या स्त्रीचा विवाह वैध मानला. पुढे कर्नाटकाने 1982 साली आणि महाराष्ट्राने 2005 साली नवे कायदे केले. पंचाऐंशी वर्षांत हीच गोष्ट चारदा बेकायदा ठरवावी लागली, यातच तिची मुळे किती खोल होती ते कळते. दरम्यान राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून हे जग आतून दाखवले. त्यांवर आधारलेला ‘जोगवा’ हा चित्रपट 2009 साली आला.

आता नवरात्रात ध्वनिवर्धकावर नाथांचा जोगवा लागतो आणि आपण सगळे त्यावर माना डोलावतो. तो ऐकताना मला आजीचीही परडी आठवते आणि त्या बाईंचीही. आजीची भक्ती खोटी नव्हती. पाच दारांपुढे तिने खाली घातलेली नजर मी पाहिली आहे. पण तिला ती नजर वर उचलता येत होती, कारण परतायला घर होते. सोडणे ही भक्ती असेल, तर परत घेण्याचा हक्क असलेल्यालाच ते सोडणे शक्य असते. ज्याच्याकडून आधीच काढून घेतले, त्याच्या हातच्या परडीला आपण व्रत म्हणत आलो, ही आपली चूक.

आमच्या घरात आता कोणी जोगवा मागत नाही. दसऱ्याला घट उठला की मी परडी पुसून कोनाड्यात ठेवतो. त्या बाईंचे नाव मी तेव्हा विचारले नव्हते. आजीच्या तोंडीही त्या शेवटपर्यंत ‘जोगतीण’च राहिल्या.