ऐंशी पौंडांचा स्वर

विम्बल्डनपूर्वीच्या दिवसांत ब्यॉर्न बोर्ग आपल्या रॅकेट्स हॉटेलातील खोलीच्या जमिनीवर मांडून बसत असे. प्रशिक्षक लेनार्ट बेर्गेलिन सोबतीला असत. एक रॅकेट दुसरीवर हलकेच टेकवावी, निघालेला नाद ऐकावा, आणि नादाच्या उंचीप्रमाणे त्यांचा क्रम लावावा, असा तो उद्योग चाले. बोर्गच्या लाकडी रॅकेटमधील ताण सुमारे 80 पौंड, म्हणजे 36 किलोंच्या घरात असे. एवढ्या ताणामुळे रात्री कोणी हात न लावताही एखादी तार तुटल्याचा आवाज होई, असे तेव्हाच्या आठवणींतून वाचावयास मिळते. आमचे लक्ष मात्र त्या 80 या आकड्यापेक्षा त्या ऐकण्याकडे अधिक जाते. एकाच कारागिराने, एकाच ताणाचा निर्देश पाळून विणलेल्या रॅकेट्स निरनिराळ्या बोलतात, हे बोर्गला ठाऊक होते. आणि यंत्रावरील आकड्यापेक्षा त्याचा विश्वास कानावर होता.

हा विश्वास वाटतो तितका विक्षिप्त नाही. मेजर वॉल्टर विंगफील्डने 1874 मध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधील लिओं शहरी पिएर बाबोला याने या खेळासाठी तात बनविण्यास आरंभ केला. त्याचा मूळचा व्यवसाय वाद्यांच्या तारांचा. मेंढीच्या आतड्याची जी तात व्हायोलिनवर चढे, तिचीच बहीण रॅकेटवर चढली. (इंग्रजांनी तिच्या नावात मांजर का घातले हा वेगळा विषय, मांजराचा तिच्याशी संबंध नाही.) रॅकेटचे आजोळ असे वाद्यशाळेत आहे.

पुढे कित्येक दशके रॅकेट हातानेच विणली जात असे. तार भोकातून ओढून घ्यावयाची, लाकडी दांडीला गुंडाळून सर्व शक्तीनिशी ताणावयाची, आणि ती मागे सरकू नये म्हणून भोकात आरी खुपसून पुढची तार घ्यावयाची. ताण मोजणारे साधन म्हणजे कारागिराचा खांदा, आणि पडताळा पाहावयाचा तो अंगठ्याने तार छेडून. तेथे पौंडाचा प्रश्नच नव्हता. कालची रॅकेट आणि आजची रॅकेट सारखी लागते की नाही, एवढाच प्रश्न होता.

पौंड आला तो यंत्राबरोबर, आणि येथेच घोटाळ्यास प्रारंभ झाला असे आमचे मत आहे. आम्ही दोघे मित्र या प्रकरणात पडलो तेही त्या घोटाळ्यापायी. एका दुकानातून गटिंग करून आणलेल्या दोन रॅकेट्स, दोहोंवर 55 ची चिठ्ठी, आणि एकीवरून चेंडू उडे तर दुसरीवर तो दगडासारखा आदळे. वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही वजनाचे एक साधे यंत्र घरी आणले.

या यंत्राचे तत्त्व विहिरीवरील ओकतीहून फारसे निराळे नाही. दांड्यावर वजन सरकवून ठेवावे. दांडा आडवा, जमिनीला समांतर आला की ठरलेला ताण मिळाला. नवशिक्याची सारी धास्ती त्या समांतरपणाविषयी असते. ती अनाठायी आहे. दांडा 10 अंशांनी कलला तरी ताण दीड टक्क्यानेच घटतो. 55 पौंडांत पाऊण-एक पौंडाचा फरक. खरी चूक अन्यत्र होते. चिमटा तारेवरून केसभर घसरतो. आडव्या तारा उभ्यांमधून ओवताना घर्षण ताणाचा काही भाग खाऊन टाकते. शेवटच्या गाठीपाशी तार थोडी मागे येते. आणि सर्वांत मोठी चूक कालाची. ताणलेली तार स्वस्थ बसत नाही, ती सैलावत राहते. वजनाचा दांडा तिच्यामागोमाग खाली उतरत ओढतच राहतो. हाताने फिरवावयाचे यंत्र मात्र ठरलेल्या आकड्याशी अडकून थांबते, आणि तार त्याच्या नकळत सैल होते. म्हणून एका यंत्रावरचे 55 हे दुसऱ्यावरचे 55 नव्हेत. एका तारेला दोन सेकंद आणि दुसरीला दहा सेकंद ओढले, तर एकाच यंत्रावरचे 55 सुद्धा दोन होतात. आम्ही प्रत्येक तारेसाठी मनात दहा आकडे मोजू लागलो, त्या दिवसापासून आमच्या रॅकेट्स एकमेकींसारख्या झाल्या. त्या 55 च्या होत्या असा दावा आम्ही करणार नाही.

आता कानाकडे परत येऊ. तारेचा नाद ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. तार तीच आणि रॅकेट तीच असेल, तर 81:80 या प्रमाणश्रुतीएवढा फरक म्हणजे ताणात अडीच टक्के, 55 पौंडांवर सुमारे 1.4 पौंड. तंबोरा लावणाऱ्याला एवढे अंतर सहज कळते. अर्थात बोर्ग आणि बेर्गेलिन त्या खोलीत जे ऐकत होते ते मोजमापच होते. आज तेच काम मोबाइलमधील एखादे ॲप नाद मोजून करते.

नियमांना या साऱ्याशी कधी कर्तव्य नव्हते. 1977 पर्यंत टेनिसच्या नियमांत रॅकेटची व्याख्याच नव्हती. त्या वर्षी वेर्नर फिशर या जर्मनाची सैल, दुहेरी थरांची ‘स्पॅगेटी’ रॅकेट घेऊन इली नस्तासेने गिलेर्मो विलासला असे हैराण केले, की दोन सेट गमावून विलास सामना सोडून गेला आणि मातीवरील त्याची सलग 53 विजयांची मालिका तुटली. मग मात्र धावपळ झाली, रॅकेटवर बंदी आली, आणि 1978 मध्ये व्याख्या आली. तारा एकमेकींत गुंफलेल्या वा जोडलेल्या असाव्यात असे ठरले. ताण किती असावा याविषयी नियम तेव्हा बोलला नाही आणि आजही बोलत नाही.

1997 मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेनने फ्रेंच स्पर्धा जिंकली ती पॉलिएस्टरच्या तारेने, आणि त्यानंतर तातीचे राज्य ओसरले. ही तार चेंडूला विलक्षण फिरकी देते, पण ताण धरून ठेवण्यात तातीच्या पासंगालाही पुरत नाही. खेळाडू हळूहळू खालच्या आकड्यांकडे वळले; फ्रान्सचा आद्रियां मान्नारिनो तर 25 पौंडांच्या आसपास खेळला. बोर्गच्या एक तृतीयांशाहून कमी!

आमच्यापैकी एकाचा जीव अद्याप तातीवर आहे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ती ओल पिऊन फुगते आणि उसवते, म्हणून जून ते सप्टेंबर ती रॅकेट कपाटात, तांदळाच्या पुरचुंडीसह बंद असते. गेल्या ऑक्टोबरात बाहेर काढून टिचकी मारली, तेव्हा वहीतल्या मे महिन्याच्या नोंदीपेक्षा तिचा स्वर स्पष्ट उतरलेला होता. तार कापून टाकली, यंत्र टेबलावर घेतले, आणि पहिल्या उभ्या तारेपाशी पुन्हा एकपासून मोजावयास बसलो.